बेचाळीस माणसं आणि कानांची एक जोडी

आमच्या गल्लीत बेचाळीस माणसांना मिळून कानांची एकच जोडी आहे, आणि ती माझी. सरकारदरबारी विचारा. तिथल्या नोंदीत अण्णासो मगदूमला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, चाळीस वर्षं मागावर उभं राहून, कोवळ्या पोरीसारखं ऐकू येतं. प्रत्यक्षात त्याच्या मागं ट्रकचा भोंगा वाजवा, तो आपली तंबाखू मळत राहील.

हसू नका. मीही आठ वर्षं हसले.

मी सुजाता चौगुले, इचलकरंजीची. घरी जेवणाचे डबे करते. माझा नवरा धनपाल मागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेला माग ताळ्यावर आणणारा माणूस. मागाचा धोटा मिनिटाला शंभर-सव्वाशे वेळा या टोकाहून त्या टोकाला आपटतो, आणि एका छपराखाली असे चोवीस माग. बाहेरच्या जगात बिनधोट्याचे नवे माग येऊन जमाना झाला, पण आमच्या गल्लीतल्या मालकांना जुन्याचाच लळा. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतींना असले तर ते कधीच कामातनं गेले असतील. कारखान्यात आवाज काढून कुणी बोलतच नाही. नुसते ओठ हलवायचे, समोरच्यानं लांबून ते वाचायचे. सूत उडत असतं, तरी चोवीस मागांच्या पलीकडचा माणूस काय म्हणाला ते यांना बरोबर कळतं. लग्नानंतर वर्षभरात मलाही ती बोली आली. न येऊन सांगते कुणाला?

दोन हजार बत्तीस साली कायदा आला. मागावरच्या प्रत्येकाचा कान वर्षातून एकदा तपासायचा. आता एवढ्या माणसांना डॉक्टर आणणार कुठून? म्हणून तपासणी फोनवर, घरबसल्या. कारखान्यात एक डबी आली. डबीत दोन बोंडं, ती कानात घालायची. फोनसमोर तोंड दाखवायचं, फोननं ओळखलं की तो खाली ठेवायचा, आणि मग बारीक-बारीक सूर वाजतात. ऐकू आला की पडद्यावर बोट दाबायचं. नंतर दुसरा भाग. त्यात काहीच करायचं नाही, गप बसायचं, आणि खरी परीक्षा तीच.

त्याचं असंय की आपल्या कानात, पार आत, गोगलगायीच्या शंखासारखी पिळाची नळी असते. तिच्यात केसांसारख्या बारीक पेशी. बाहेरून आवाज आला की या पेशी नुसत्या हलत नाहीत, स्वतःही ताल धरतात, आणि त्यामुळं कान उलटा एक आवाज बाहेर टाकतो. इतका बारीक, की ज्याचा कान त्यालाही तो ऐकू येत नाही. बोंडातला माइक तो टिपतो. पेशी जिवंत असतील तर कान असं उत्तर देतो. खडखडाटानं मेल्या असतील तर आतून काही येत नाही. माणूस खोटं बोट दाबेल, पण मेलेल्या कानाला खोटं उत्तर देता येत नाही. हे सगळं मला ॲपमधल्या बाईनंच गोड आवाजात समजावलं होतं.

परीक्षेला शांतता लागायची, आणि आमच्या गावात शांतता म्हणजे सोनं. ती फक्त आमच्या मागच्या खोलीत होती. मालकानं तिथं कापडाचे तागे छतापर्यंत रचून ठेवलेले. त्यात आवाज मुरायचा. दार लावलं की स्वतःचा श्वास ऐकू यायचा.

यांची परीक्षा झाली आणि पडद्यावर लाल अक्षरं आली, ‘मागावरील कामास अपात्र. सुरक्षित कामावर पाठवावे.’ सुरक्षित काम म्हणजे काय ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. घरी बसायचं. हे खाली मान घालून बसले. आणि खाली ॲपनं विचारलं होतं, खोलीत आवाज जास्त असल्यास चोवीस तासांत एकदा पुन्हा प्रयत्न करता येईल, करायचा का?

मी म्हटलं, करायचा. तोंड त्यांचं दाखवलं, बोंडं माझ्या कानात घातली.

‘श्रवण उत्तम.’

दुसऱ्या दिवशी अण्णासो दारात. “वैनी, तुमच्या खोलीत लई शांत हाय म्हणं?”

“शांतता पाहिजे तर बस्तीत देवापुढं जाऊन बसा की अण्णा!”

“देव ऐकतोय, पर निकाल देत न्हाई न्हवं.”

आता याला काय बोलणार? घातली बोंडं. मग अण्णासोचा भाऊ, मग त्याच्या शेजारचा, मग पलीकडच्या कारखान्यातले. दरवर्षी एक-दोन वाढायचे. यांना धरून बेचाळीस झाले. मी कुणाकडून काही घेतलं नाही. पण खरं सांगते, मला ते आवडायचं. वर्षातले ते चार दिवस मी गल्लीची राणी असायची. खोलीबाहेर माणसं रांगेत चपला काढून उभी, आणि मी आत बसून बोट दाबतेय. वाटायचं, सरकारची एवढी मशिनं, आणि त्यांना आम्ही एका डबेवालीच्या कानावर गुंडाळलं! शहाणपणा उतू चालला होता माझा.

यांचं ऐकणं त्या आठ वर्षांत पुरतं गेलं. आधी दारावरची कडी गेली, मग कुकरची शिट्टी, मग मी. घरातही हे बिनआवाजी बोलायला लागले, नुसते ओठ. तक्रार कसली नाही. फक्त एकदा म्हणाले, “तुझं भांडाण ऐकू यायला पायजे हुतं गं. नुसतं व्हट बघून भांडणात राम न्हाई.”

मी हसले आणि आत जाऊन रडले.

गेल्या वर्षी उपचार निघाला. अगदी खरा, मिरजेला लोक बरे होऊन यायला लागले. एक बिनविषारी केलेला विषाणू असतो, त्याच्या पाठीवर निरोप बांधून तो कानात सोडतात. मेलेल्या पेशींच्या शेजारी दुसऱ्या पेशी नुसत्या झोपलेल्या असतात. त्यांना हा निरोप पोचला की त्या उठतात आणि मेलेल्यांचं काम करायला लागतात. सहा महिन्यांत कान परत. अट एकच. कानापासून मेंदूकडं जाणारी नस शाबूत पाहिजे, आणि कानातनं काही येईनासं झालं की ती नस वर्षागणिक वाळत जाते. म्हणून कान गेला कधी, हे महत्त्वाचं. शिबिर सरकारी, फुकट, आणि कुणाला घ्यायचं ते आधीच्या दूरतपासणीच्या नोंदी बघून ठरणार.

मी यांचा अर्ज भरला. तासाभरात उत्तर, ‘गेली आठ वर्षे श्रवण उत्तम. उपचाराची आवश्यकता नाही.’

करायला गेले गणपती, झाला मारुती. मी तो फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिले. आमटी खाली लागली तरी कळलं नाही.

यांना घेऊन मिरजेला गेले. तिथं डॉ. केळुसकर म्हणून तरुण बाई होत्या. त्यांनी यांचा कान समोर बसवून तपासला. आतून काहीच उत्तर नाही. बाईंनी एकदा आमच्याकडं बघितलं, एकदा संगणकाकडं, आणि म्हणाल्या, “रविवारी मी फोन करते.”

रविवारी दुपारी व्हिडिओचा फोन आला. मी फोन फळीवर टेकवून ठेवला. हे माझ्या शेजारी बसले, थोडा वेळ बाईंच्या तोंडाकडं बघितलं आणि वैतागले. “हिचं व्हटच हलत न्हाईत. तू ऐक आणि मला सांग.” उठून मागं कॉटवर जाऊन गवारीच्या शेंगा मोडत बसले. मी त्यांच्याकडं पाठ करून बोलायला लागले. आमच्या घरात कुजबुजायची गरजच नव्हती. नवऱ्याला कळू द्यायचं नसलं की पाठ फिरवायची, झालं काम.

बाई म्हणाल्या, “सुजाताताई, आठ वर्षांच्या नोंदींतला कान तुमच्या यजमानांचा नाही.”

मी एकदा मागं कॉटकडं बघितलं.

“कानाचं ते उत्तर प्रत्येक माणसाचं वेगळं असतं,” त्या सांगत होत्या. “अंगठ्याच्या ठशासारखं. नोंदीतला ठसा बहुतेक एका बाईचा आहे. कुणाचा ते मी विचारत नाही, आणि तपासूही शकत नाही. कानावरून माणूस ओळखायला कायद्यानं बंदी आहे. ज्याचा कान त्यानं लेखी परवानगी दिली, तरच. त्या व्यक्तीनं सही करून आपला ठसा दिला, तर मी यजमानांच्या खोट्या नोंदी रद्द करू शकते. त्यांची पहिली नापास परीक्षा ॲपमध्ये आहेच, तीवरून कान कधी गेला ते धरता येईल. त्यांची नस काठावर आहे, पण आहे. या शिबिरात घेतलं तर ऐकू येईल. पुढचं शिबिर दोन वर्षांनी. तोवर काही उरणार नाही.”

“म्हणजे सही दिली तर त्यांना ऐकू येईल?”

“बऱ्यापैकी. तीस तारखेच्या आत दिली तर.”

“तीस तारखेच्या आत. आणि त्या कानानं दुसऱ्या कुणाची परीक्षा दिली असली तर?”

बाई सावकाश म्हणाल्या, “ठसा अधिकृत झाला की संगणक तो सगळीकडं शोधेल. जिथं सापडेल ती नोंद रद्द. त्या माणसांची परीक्षा मग दवाखान्यात, आमच्यासमोर.”

“एक्केचाळीस घरं आहेत हो बाई. एकही पास व्हायचा नाही.”

“मला हे ऐकायला नको होतं,” त्या म्हणाल्या. “यजमानांशी मी बोलू का? पण ते तुम्ही हो म्हणालात तरच. हे त्या कानाच्या मालकाचं गुपित आहे. त्यांनाही परस्पर सांगायचा मला अधिकार नाही.”

“नको. त्यांना सांगू नका. मी सांगते काय ते.”

फोन बंद केला. वळले. हे माझ्याकडंच बघत होते.

“काय म्हणाल्या?”

एवढा एक क्षण होता माझ्याकडं. मी काय केलं? तोंड नीट त्यांच्यासमोर आणलं, ओठ मोठे हलवले, म्हणजे वाचायला त्रास नको, आणि म्हणाले, “नस वाळलीय म्हणतात. उशीर झाला.”

ते बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग म्हणाले, “असू दे,” आणि शेंगा मोडायला लागले.

मला फार दयाळू समजू नका. एक्केचाळीस घरांचं ओझं होतंच, पण भीतीही होती. गल्ली मला काय म्हणेल ही भीती. ज्या दारात लोक चपला काढून उभे राहिले, त्याच दारावर थुंकतील ही भीती. पोलीस येतील ही भीती. मी स्वतःला सांगत होते, सुजाता, एकाच्या कानापायी बेचाळीस चुली विझवायच्या का? स्वतःला पटवायला माणसाला वेळ लागत नाही. चार दिवसांत मला पटलंही.

हे अधनंमधनं विचारायचे. “बाईंचा परत फोन आलता?”

“नाही.”

“आनि काय म्हणाल्या नव्हत्या न्हवं त्या दिवशी?”

“नाही हो, सांगितलं की एकदा!”

मला वाटायचं, वेडी आशा आहे बिचाऱ्यांची. आणि मी चिडायची.

सव्वीस तारखेला मात्र मला राहवलं नाही. अण्णासोच्या घरी गेले. ठरवून गेले होते की याला सांगायचं. तोच गल्लीतला थोरला, तो म्हणाला की ‘वैनी, करा सही, आमचं आम्ही बघू’, तर मी सुटले. अण्णासो अंगणात बसून जुन्या धोट्याला कानस घासत होता. मला बघून त्यानं आत बायकोला ओरडून सांगितलं. बहिरा माणूस किती मोठ्यांदा बोलतो ते त्याला कुठं कळतं?

“अगं, च्या टाक! आपल्या घरची अन्नपूर्णा आलीया!”

त्याच्या बायकोनं चहा आणला, वर कपभर दूध हातात दिलं, माझ्या पाया पडायला लागली. वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी बाई. मी पाय मागं घेतले. कशाला आलात असं तिनं विचारलं. मी म्हटलं, डब्यासाठी मेथी मिळाली नाही, तुमच्याकडं आहे का बघायला आले. तिनं जुडी दिली. मी ती घेऊन घरी आले.

तीस तारखेला बाईंचा निरोप आला, ‘आज शेवटचा दिवस आहे. संध्याकाळी सहापर्यंत मी दवाखान्यात आहे.’ मी फोन पालथा घातला आणि पोळ्या लाटत बसले. सहाला फोन सरळ केला. आणखी निरोप नव्हता. यांच्या ताटात मी त्या दिवशी गोड शिरा वाढला. माझी लायकी तिथंच कळायला हवी होती तुम्हाला.

नव्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कारखान्यातली डबी आली. परीक्षेचे दिवस. मागच्या खोलीबाहेर रांग लागली. दरवर्षी पहिला नंबर यांचा असतो, मग अण्णासो, मग बाकीचे.

हे आत आले. मी दार लावलं. फोननं त्यांचं तोंड ओळखलं. मी बोंडांसाठी हात पुढं केला, तर त्यांनी ती माझ्या हातात दिलीच नाहीत. स्वतःच्या कानात घातली.

“अहो, काय करताय?”

ते माझ्याकडं बघतच नव्हते. ताग्यांना टेकून डोळे मिटून बसले, बोट पडद्यापासून लांब. पडद्यावर सूर एकेक करून येत होते, जात होते. डावा कान झाला, उजवा झाला. मी त्यांचा खांदा हलवला, डोळे उघडा म्हटलं, शिव्या दिल्या, काय-काय बोलले. त्यांच्यापर्यंत त्यातलं काही पोचत नव्हतं. मग तो गप बसायचा भाग. तोही झाला.

‘मागावरील कामास अपात्र.’

त्यांनी डोळे उघडले, बोंडं काढली, सदऱ्याला पुसली. मग आवाज न काढता, नुसत्या ओठांनी बोलले. कारखान्यात बोलतात तसं, एकेक शब्द सुटा.

“तू माझ्याकडं पाठ केलीस. पर फोनकडं तोंड केलंस. तुझं तोंड फोनच्या कोपऱ्यात दिसत हुतं. बोटभर चौकट. मला तेवढं बास झालं.”

व्हिडिओच्या फोनमध्ये आपलंच तोंड कोपऱ्यात दिसतं, हे काय मला माहीत नव्हतं? रोज बघते. पण आमच्या घरात पाठ म्हणजे भिंत, हे इतकं अंगवळणी पडलेलं की डोकंच चाललं नाही.

“समदं वाचलं,” ते म्हणाले. “सही दिली तर ऐकू येईल का. एक्केचाळीस घरं. त्यांना सांगू नका.”

“मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?”

“म्हटलं, आज सांगशील. उद्या सांगशील. तीस तारखेला शिरा केलास, तवा कळलं, आता सांगत न्हाईस.”

“मी कुणासाठी केलं हे?” मी ओरडले. सगळा महिनाभराचा संताप तोंडातनं बाहेर पडला. “तुमचीच माणसं आहेत ना ती? उपाशी मारायची होती त्यांना? सही केली असती तर तुम्हीच माझं तोंड बघितलं नसतं!”

“खरं हाय,” ते म्हणाले. “तू इचारलं असतंस तर मीच म्हणलो असतो, नगं करू सही. अण्णासोच्या हाताखाली मी धोटा धरायला शिकलो. त्याला घरी बसवून मी काय ऐकत बसणार हुतो?”

त्यांचे ओठ थरथरत होते. तरी मला प्रत्येक अक्षर वाचता आलं.

“मी दिला असता गं कान. तू घेतलास.”

एवढं बोलून ते उठले, दार उघडलं आणि रांगेच्या मधनं निघून गेले. सोमवारपासून ते मागावर नाहीत. पंचवीस वर्षं बिघडलेल्या मागाला नुसता हात लावून दुखणं ओळखणारा माणूस. अपात्र.

दारातनं अण्णासो आत डोकावला. हातात त्याचा फोन, तोंडभर हसू. बाहेर चाळीस माणसं.

“वैनी, झालं न्हवं धनपालचं? मी बसू?”

माझ्या मनात आलं, बोंडं उचलावीत आणि दगडानं ठेचावीत. सगळ्यांना सांगावं, जा, आपापले कान घेऊन बसा, माझं घर मोडलं तुमच्यापायी. आणि तेवढ्यात मला दिसलं की तेही आता हातात राहिलेलं नाही. आज मी थांबले तर ही एक्केचाळीस माणसं सोमवारी घरी बसतील, आणि त्यांच्यासाठी ज्याचा कान मी गमावला, तो कान फुकट गेला. माझ्या नवऱ्याचं ऐकणं वाया जाऊ द्यायचं नसेल तर मला हे दरवर्षी करावं लागणार. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, माझे कान चालतायत तोवर. माझी मीच बांधलेली गाठ, आणि ती सोडवायला गेले तर तोच माणूस दुसऱ्यांदा लुटला जाणार.

मला माझ्या कानांची शिसारी आली. तरी मी बोंडं घातली.

अण्णासोनं फोनला तोंड दाखवलं. सूर वाजायला लागले. मी रडत होते आणि बोट दाबत होते, आणि एकही सूर माझ्या कानातनं सुटला नाही.